तुडुम कोनं उघडा ठेवला?

नवेगाव बांधकडच्या एका गावात बिसरामनं चाळीस वर्षं साऱ्यांना पाणी मोजून दिलं. तो गावतलावाचा पाणकर. कोणाच्या धानाच्या बांधीत आधी पाणी सोडायचं ते तो ठरवणार, आणि पाटील असो की सख्खा भाऊ, नंबर म्हणजे नंबर! आता मूत्रपिंडं निकामी झाली, तर डॉक्टरनं त्यालाच दिवसाचं एक लिटर ठरवून दिलं. मोजायला बायको, रुख्मा. ती एक घोट इकडचा तिकडे होऊ देत नाही. करावं तसं भरावं, दुसरं काय!

पण खरं दुखणं वेगळंच. आठवड्यातून दोनदा गोंदियाला डायलिसिस, चार-चार तास. सुया टोचल्या, मशीन घरघरलं की या गड्याच्या छातीत धडधड सुरू. दोनदा तर तो अर्ध्यातूनच उठून आला. डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं, "असंच उठत राहिलात तर फुप्फुसात पाणी भरेल, मग माझ्या हातात काही नाही." रुख्मा बाहेरच्या बाकावर पदर तोंडाला लावून रडली आणि मग आत येऊन त्याला पोटभर शिव्या दिल्या.

पुढच्या खेपेला आचल सिस्टरनं उपाय काढला. "काका, टेन्शन मत लो. हे ध्यानाचं ॲप आहे. डोळे मिटा, फक्त ऐका." तिनं ईयरफोन कानात घातले. एक बाई मधाळ आवाजात म्हणाली, "मन शांत करा. खळखळ वाहणारं पाणी ऐका." आणि पाणी वाहू लागलं.

वाहतच राहिलं. बंदच होईना!

बिसराम ताडकन उठून बसला. "अबे, तुडुम कोनं उघडा ठेवला? सारा पानी वाया जाऊन राहिला!" नळी ताणली गेली, मशीन बोंबललं, प्रेशर एकशे नव्वद. शेजारच्या पलंगावरच्या पुष्पाबाईला वाटलं, आग लागली.

"हे तुडुम काय असतं?" त्याला परत आडवं करत आचलनं वैतागून विचारलं.

"तुले तुडुम मालूम नाही?" बिसरामला पोरीची दयाच आली. तलावाच्या तळाशी पाटात पाणी सोडायचं भोक असतं. पाणी बंद करायला बुडी मारून त्यात लाकडाचा गुट्टा ठोकायचा. "घाई केली का दम सरला समज," तो रंगात येऊन सांगू लागला, आणि सांगता सांगता त्याचं प्रेशर उतरायला लागलं. आचल हुशार. तिनं गुपचूप मोबाइल त्याच्या तोंडाशी धरला.

पुढच्या खेपेला कानात त्याचाच आवाज. "दम भर. आता खाली जाय. घाई नोको करू. पायानं भोक चाचप..." ऐकता ऐकता बिसराम घोरू लागला. पुरे चार तास! पुष्पाबाईनंही तेच मागून घेतलं. तिला पोहता येत नाही, तरी आता तीही दर खेपेला बुडी मारते.

एवढं काय आहे त्यात, म्हणून रुख्मानं त्याच्या कानातला एक ईयरफोन काढून आपल्या कानात घातला. शेवटी तो म्हणत होता, "झाला बंद. आता वर ये. दम कमी पडला का एकच आठवाचा, पारीवर रुख्मा जीव मुठीत धरून बसली आहे. वर जाच लागते."

चाळीस वर्षं ती कपडे धुवायचं निमित्त काढून तलावाच्या काठावर, त्या पाळीवर बसत आली होती. म्हणजे मेल्याला सगळं माहीत होतं तर!

मशीन थांबलं. बिसरामनं डोळे उघडले. "पानी दे वो."

रुख्मानं डोळे पुसले, कप मोजून अर्धा भरला आणि त्याच्या हातात दिला. "घ्या जी," ती म्हणाली, "तुमचा नंबर आला."