नवीन सुविधांचं टेबल

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेल्या बाईला लोक हमखास विचारतात, "तुम्ही लोकांचं बोलणं चोरून ऐकायचात का हो?" मी सांगते, नाही. लोकांचं बोलणं ऐकण्यासारखं नसायचंच. "जेवलात का? बरं, ठेवते." यापुढे गाडी जात नसे. ऐकण्यासारखं जे काही होतं ते आमच्या खात्यातच घडायचं. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी मी डोंबिवलीला शालिनीकडे गेले की चहा गार होतो आणि किस्से संपत नाहीत. तिचे मिस्टर वैतागून फिरायला निघून जातात.

तर हे नव्वदीच्या सुरुवातीचं. मी आणि शालिनी बारा वर्षं ट्रंक बोर्डावर बाहेरगावचे फोन जोडून देत होतो. मग डोंबिवलीला नवं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं, लोक घरबसल्या स्वतःच नागपूर फिरवायला लागले आणि आम्ही दोघी 'जादा' झालो. हा खात्याचा शब्द. कणकेतलं मीठ जादा व्हावं तशा आम्ही.

नव्या मशीनला एसी होता. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं. आमच्या देवघरातसुद्धा एवढं सोवळं नव्हतं. स्टाफला पंखा, तोही एकाच बाजूला मान वळवणारा. आमच्या साहेबांनी मात्र महिन्याभरात आपली केबिन मशीनच्या भिंतीला चिकटवून घेतली आणि भिंतीत झरोका पाडून घेतला. मशीनला लागणारी थंडी साहेबांना आपोआप मिळायला लागली. त्यानंतर साहेबांनी केबिनचं दार कधी उघडं ठेवलं नाही.

या मशीनमध्ये म्हणे बोलण्याच्या नव्या नव्या सुविधा होत्या. पहाटेचा गजर, आपला फोन दुसरीकडे वळवणं, तिघांनी एकदम बोलणं, बोलताना मध्ये दुसऱ्याचा फोन आल्याची टिकटिक आणि हॉटलाइन. लोकांना त्या घ्यायला लावायच्या म्हणून केबिनबाहेर एक टेबल मांडलं आणि आम्हा दोघींना तिथे बसवलं. मार्चअखेर दोनशे अर्ज. नाही झाले तर टेबल बंद आणि दोघींपैकी एकीची बदली कसाऱ्याच्या पलीकडे.

मी ठाण्याच्या कोपरीत राहायची. मुलगी सातवीत, सासूबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि नवरा फिरतीवर. कसाऱ्याच्या पलीकडे म्हणजे घर अंधारात सोडायचं आणि अंधारातच परतायचं. शालिनीची परिस्थिती माझ्यापेक्षा एक आणा बरी, एवढंच. ते दोनशे अर्ज आम्हाला हवेच होते.

* * *

पहिला अर्ज एका निवृत्त हेडमास्तरांचा. पहाटे पाचचा गजर. ठरल्या वेळी मशीन फोन करतं, उचलला की टेपवर बाईचा आवाज वाजतो.

आठ दिवसांनी मास्तर टेबलाशी हजर. हातात चकल्यांचा डबा. "पहाटेच्या बाई कुठे बसतात?"

मी म्हटलं, "मास्तर, ते मशीन आहे."

"तुम्ही झाकू नका. पाच म्हणजे पाच, एक दिवस खाडा नाही. आवाज जरा थकलेला वाटतो. घरी ओढाताण असणार."

शालिनीला मास्तरांचं वाईट वाटलं की चकल्यांचा वास आला, माहीत नाही. ती म्हणाली, "त्यांची ड्यूटी संपली. डबा ठेवा, मी पोचवते." दुपारच्या चहाला डबा पोचला.

पुढच्या सोमवारी मास्तर पुन्हा आले, गजर बंद करण्याचा अर्ज घेऊन. मी विचारलं, "का हो, त्रास होतो का?"

"मला कसला त्रास? मी चारलाच उठतो. उठून त्यांच्या फोनची वाट बघत बसतो. म्हटलं, तेवढंच त्यांना झोपू दे."

चकल्या पचल्या, पण आमचा एकुलता एक अर्ज गेला.

* * *

फोन वळवण्याची सुविधा जनतेआधी साहेबांनी घेतली. दुपारी ते घरी जाऊन आडवे व्हायचे. जाताना केबिनचा फोन कल्याणच्या साहेबांकडे वळवायचे, म्हणजे कोणी विचारलंच तर "मीटिंगला कल्याणला आहेत."

कल्याणचे साहेबही आमच्याच साहेबांच्या तालमीतले. त्यांनी आपला फोन डोंबिवलीला वळवून ठेवलेला. दोघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं. सांगणार काय, मी झोपायला जातो म्हणून?

त्यामुळे दुपारी कोणीही फोन केला तरी एंगेज. डोंबिवली एंगेज, कल्याण एंगेज. ठाण्याचे मोठे साहेब पंधरा दिवस प्रयत्न करत होते. आम्ही दोघी घाबरलो, आता फुटणार हे बिंग. महिन्याच्या मीटिंगमध्ये मोठे साहेब उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "या दोघांकडून शिका. फोनला क्षणभर उसंत नसते."

आमचा लाइनमन होता भोईर. दिव्याच्या खाडीकडच्या गावचा, वडील मिठागरावर राबलेले, माणूस भारी बेरकी. त्याला हे कळल्यावर त्याने हातातली पक्कड खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हंजे फोन कोनाकरंच नाय जात. बेस सुविधा हाय. आमचे घरान पन लावा."

* * *

जानेवारी संपला तरी अर्ज साठाच्या पुढे सरकेनात. साहेबांना केबिनमधल्या थंडीत युक्ती सुचली. लोक मागत नाहीत ना, मग न मागता द्यायची. स्टेशनजवळच्या वीस बिऱ्हाडांच्या एका सोसायटीत त्यांनी सगळ्यांच्या फोनला हॉटलाइन चालू करून टाकली. कोणाला विचारलं नाही, कोणाची सही नाही. मी म्हटलं, "साहेब, लोकांना सांगायला तरी हवं." साहेब म्हणाले, "बाई, सुविधेला कोण नाही म्हणतं?"

हॉटलाइन म्हणजे रिसीव्हर उचलून पाच सेकंद नंबर फिरवला नाही, तर ठरवून ठेवलेला नंबर आपोआप लागतो. आता ठरवलेला नंबर कोणता? साहेबांनी आमच्या टेबलाचा घातला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजल्यापासून टेबलावरचा फोन सुरू.

"हॅलो, कोण?" एक आजी.

"आजी, तुम्ही फोन केलाय."

"मी कुठे केला? मी चष्मा शोधतेय. ठेव तू."

दोन मिनिटांत पुन्हा त्याच. "अगं, तू अजून आहेस का? आता डायरी सापडत नाही."

तिसऱ्यांदा आजी सुनेवर करवादत होत्या ते ऐकू आलं. चौथ्यांदा म्हणाल्या, "आता आहेसच तर सांग, मुगाची डाळ भिजवलेली कालपासून, वास येतोय. चालेल का?" शालिनीने फोन घेऊन आंबोळ्या घाला म्हणून सांगितलं. त्या सोसायटीत म्हातारी माणसं खूप, सगळ्यांनाच नंबर फिरवायला पाचपेक्षा जास्त सेकंद लागायचे. दिवसभर आमचा घसा सुकला.

संध्याकाळी साहेबांनी दार इंचभर उघडलं आणि समाधानाने ऐकत राहिले. "बघितलंत? रिस्पॉन्स!" असं म्हणून त्यांनी ठाण्याला रिपोर्ट पाठवला, 'नवीन सुविधा कक्षा'ला ग्राहकांचा उदंड प्रतिसाद.

आठवड्याने सोसायटीचे सेक्रेटरी येऊन असे काही तोंडाला येईल ते बोलले की वीसच्या वीस हॉटलाइन कापाव्या लागल्या. बोलले मला. साहेब 'मीटिंगला कल्याणला' होते.

* * *

शेवटी तारलं ते भोईरने. एक दिवस तो टेबलाशी टेकला आणि म्हणाला, "मॅडम, फोनमदी काय हाय त्याचं कोनाला काय परलं नाय. शेजारच्यान काय घेतलान त्याचं परलंय. फारम द्या."

पन्नास फॉर्म घेऊन तो आपल्या गावात गेला. दुसऱ्या दिवशी गावातले एक दादा आले. जमिनीला भाव आलेला, गळ्यात चेन, सोबत भोईर साळसूद चेहऱ्याने उभा. मी सुविधा एकेक समजावून सांगायला लागले तर दादांनी हात वर केला. "सगल्या टाका. गारी घेतली तं सगल्या गिअरची घेनार ना?"

मी विचारलं, "पण दादा, तुम्ही फोन कोणाला करता?"

"मी कोनाला करू? सगली मानसं गावानच हायत."

दुपारी त्यांचे चुलतभाऊ आले. समोरासमोर दारं, दहा वर्षं अबोला. त्यांनी फॉर्मला हात लावला नाही. आधी विचारलं, "त्याने कवऱ्या घेतल्यान?"

"पाच."

"आमाला सहा टाका."

"अहो, पाचच आहेत."

त्यांनी आता फॉर्म जवळ ओढला. "मंग सहावी निंगेल, ती आमचे नावावर लिवून ठेवा."

शालिनीने रजिस्टरमध्ये खरंच लिहून ठेवलं. त्यानंतर त्या गावातून आणि शेजारच्या दोन गावांतून माणसं रांग लावून आली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोनशे ओलांडले. प्रत्येक फॉर्म आम्ही दोघींनी हाताने भरलेला, कार्बन लावून. मी त्या दिवशी घरी जाताना सासूबाईंसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. त्यांना दिसत नसलं तरी वास येतो म्हणून.

* * *

आणि मग मार्चची शेवटची तारीख. चार वाजून गेलेले.

साहेबांना ठाणे आणि कल्याण, दोन्ही साहेबांशी एकदम बोलायचं होतं. तिघांनी एकदम बोलण्याच्या सुविधेचे आम्ही दोनशे लोकांना धडे दिले, पण साहेबांना ती शेवटपर्यंत जमली नाही. माझ्या टेबलाच्या लाइनचा एक जादा फोन केबिनमध्येही होता. जोडून द्यायचं मी. साहेबांची ताकीद होती, "रिसीव्हर ठेवू नका हं बाई, ठेवलात की सगळं तुटतं." त्यामुळे मी तो कानाशी धरून बसले.

मोठे साहेब म्हणाले, "अभिनंदन. दोनशेच्या वर गेलात."

आमचे साहेब म्हणाले, "सर, जिवाचं रान केलं."

कल्याणचे साहेब म्हणाले, "मी मार्गदर्शन केलं सर."

मग मोठे साहेब म्हणाले, "आता टार्गेट झालं. त्या टेबलावर दोन बायका कशाला हव्यात?"

आमच्या साहेबांनी श्वाससुद्धा घेतला नाही. "नकोतच सर. एक कसाऱ्याच्या पलीकडे देऊन टाकू. आज पाचनंतर वर्षभर बदल्या बंद, तेव्हा ऑर्डर आत्ताच काढलेली बरी."

"कोणती देता?"

"ती चष्म्याची. बोलते फार."

शालिनीला चष्मा नव्हता. समोर दोनशे फॉर्मचा गठ्ठा, वरच्या फॉर्मवर माझंच अक्षर. राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. सासूबाईंना दुपारचं कोण वाढणार, हेच डोक्यात फिरत राहिलं.

"पूर्ण नाव सांगा. टायपिस्ट समोरच बसलाय."

केबिनच्या बाजूने कागद चाळल्याचा आवाज आला.

"नाव... सर, आम्ही बाईच म्हणतो."

"बाई नावाने ऑर्डर निघते का?"

कल्याणचे साहेब म्हणाले, "मस्टर बघा ना."

"मस्टर बाईंच्याच कपाटात असतं."

"मग विचारा त्यांना."

"एक मिनिट सर. बाई, आहात ना लाइनवर? तुमचं पूर्ण नाव सांगा बघू."

बारा वर्षं ट्रंक बोर्डावर काढलेल्या बाईच्या गळ्यात एक आवाज तयार होतो. त्यात सुख नसतं, दुःख नसतं. तो लावला आणि म्हटलं, "या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत. कृपया थोड्या वेळाने डायल करा." मग तेच हिंदीतून म्हटलं. इंग्रजीतून म्हणायला शालिनीने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"छे, गेली लाइन," मोठे साहेब म्हणाले. तिघांनीही मुकाट्याने फोन ठेवले.

केबिनमधून दोनदा घंटी वाजली. म्हणजे पुन्हा जोडा. मी जोडलं. मोठे साहेब "हं, नाव?" म्हणाले आणि सर्व लाइन्स पुन्हा व्यस्त झाल्या. पुन्हा घंटी, पुन्हा जोडलं, पुन्हा व्यस्त. दार उघडून मला विचारता आलं असतं, पण केबिनची थंडी बाहेर गेली असती. पाचव्यांदा शालिनीला हसू आवरेना, तिने पदर तोंडात कोंबून डोकं टेबलावर टेकलं, तर इंग्रजीही मीच म्हटलं.

पाच वाजून पाच मिनिटांनी केबिनचं दार उघडलं. साहेब त्या एसीतून घाम पुसत बाहेर आले.

"काय हो बाई, आज लाइन फारच बिझी."

मी म्हटलं, "मार्च एंड आहे ना, साहेब."