साडीच्या दुकानात एक्स कामाला आला

मैत्रिणींनो, आत्ताच दौंडहून केडगावला परतले. चहा टाकायच्या आधी तुम्हाला सांगते.

साड्यांच्या दुकानात काम विचारायला गेले होते. मालकीणबाई म्हणाल्या, "आठ तास काम हाय. तासाला साठ रुपये घ्या, न्हाईतर तासाला चाळीस आन् विक्रीवर पाच टक्के कमिशन. तुम्हीच ठरवा."

एरवी मी मुकाट्यानं साठच घेतले असते. पण गणितात नापास होऊन सुटलेली दहावी मी यंदा पुन्हा देतेय. अशीच उदाहरणं लेक रोज माझ्याकडून सोडवून घेते. मी वैतागायचे, "ह्यो एक्स मला कवा कामाला येणार?"

आज मनातल्या मनात विक्रीला एक्स धरलं. दिवसाला एकशे साठचा फरक, आणि पाच टक्क्यांनी एकशे साठ मिळायला एक्स हवा बत्तीसशे; म्हणजे तेवढ्या विक्रीला दोन्हीकडं कमाई सारखीच. त्यापुढं कमिशन फायद्याचं.

मी विचारलं, "मंदीत एका बाईची दिवसाची विक्री किती होते?"

"पाच हजार तरी होतीच." त्या हसल्या. "आजवर हे कुणी इचारलं न्हाई बघा."

सोमवारपासून कमिशनवर कामाला जाणार! पेपर अजून बाकी आहे, पण तो सुटेल असं आज पहिल्यांदाच वाटतंय.

तुमच्यापैकी कुणाची दहावी गणितापायी राहिली आहे? बसता का परीक्षेला माझ्यासोबत?