शून्य दाखवणारा मीटर

ये व पोरी, अशी जवळ सरक. वाचता वाचताच सरक. वीज मोजायचा नवा मीटर आणल्या आणल्या बोर्डात खुपसला, हे तू मले फोनवर हसत सांगतेस? कान धरला पाहिजे तुझा.

आमची विहीर घरामागंच. त्या दिवशी हरभऱ्याचं ओलित चालू होतं अन् मोटर बंद पडली. माझे धाकटे दीर मीटर घेऊन स्टार्टरच्या पेटीपाशी गेले, दोन टोकं टेकवली. आकडा शून्य.

"लाईन गेली वहिनी," म्हणाले, अन् आतली ढिली तार कसायले हात पुढं केला.

आपल्याकडं लाईन इतकी जाते, की शून्य दिसलं का माणूस लगेच खरं मानते. मी जन्माची संशयी. तो मीटर फवारणी पंपाची बॅटरी पाहाले शेजारी गेलता, अन् परत आला तो लाल तार करकचून गुंडाळलेला. तेच मनात सलत होतं.

"हात नका लावू भाऊजी!"

"काहून? शून्य दिसून नाही राह्यलं तुम्हाले?"

"दिसून राह्यलं, म्हणूनच."

"तुम्ही तर प्रसादाचाबी वास घेऊन पाहाल!"

"पाहीन. आधी हात मागं घ्या."

मीटर हिसकून घरात आणला. घराची लाईन शेताहून वेगळी. जाऊबाईची मालिका रंगात आलती. टीव्हीची पिन काढली, बोटं प्लास्टिकवरच ठेवून त्याच प्लगात मीटरची टोकं घातली. तिथंही शून्य! आत्ता टीव्ही चालू होता अन् हा म्हणते वीज नाही. लाल तार गुंडाळून गुंडाळून आतून तुटलेली.

शेजाऱ्याचा मीटर मागवला. त्याचाही भरवसा मले नव्हता. आधी टीव्हीच्या प्लगात पाहिला, बरोबर दाखवलं. मग स्टार्टरवर: चारशे व्होल्टच्या वर. लाईन गेलीच नव्हती. मेन स्विच पाडला, पुन्हा मोजलं, शून्य. तरी परत टीव्हीच्या प्लगात पाहून आली, मीटर मधातच मेला तर नाही ना. जाऊबाई ओरडली, "माही मालिका संपली ना!" संपू दे. तेव्हा कुठं भाऊजींले तार कसू दिली.

त्या दिवशी चहा पिताना भाऊजी आपल्याच हाताकडं पाहत बसले होते.

तुझ्या नव्या मीटरवरही माझा भरवसा नाही, राग येऊ दे. तारा गुंडाळू नको, सैल ठेव, पिशवीत टाक, अन् या रविवारी इकडंच ये. टीव्हीचा प्लग मी मोकळा ठेवते. तोवर तुमच्या विहिरीवरच्या स्टार्टरकडं फिरकायचं नाही. लवकर ये व माय.