कढईच्या बुडाला लावलेलं तूप

गेल्या मंगळवारी दुपारी, कर्जतच्या आमच्या घरी, मी एक हलकट काम केलं. कुणाला सांगणार नव्हते... पण पोटात राहत नाही, म्हणून मैत्रिणींनो, तुम्हाला लिहितेय.

आमचे मामंजी वैद्य. स्टेशनापलीकडे डॉक्टर आलाय, तरी डोंगराकडच्या वाड्यांतली माणसं पोटदुखीला, जुलाबाला ओव्याचा अर्क न्यायला आमच्याकडेच येतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, तो अर्क मी काढत होते.

हंड्यात ओवा नि पाणी उकळायचं, आत विटेवर एक वाडगा ठेवायचा, तोंडावर गार पाण्याचं पातेलं बसवून फट कणकेनं लिंपायची. वाफ पातेल्याच्या बुडाला लागून पाणी होते नि वाडग्यात पडते. माझं पातेलं सपाट बुडाचं. निम्मं पाणी वाडग्याबाहेर पडून परत हंड्यात जायचं... अकरा वर्षांत मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

वैशाखात धाकट्या दिरांचं लग्न झालं आणि कावेरी आली. महिनाभर नुसती बघत होती. मग एक दिवस म्हणाली, "जाऊबाई, गार लागेल तिथं वाफेचं पाणी होणारच. पण पडायचं कुठं, ते आपण ठरवायला हवं ना?"

तिनं पातेलं काढून गोल बुडाची तांब्याची कढई ठेवली. सगळं पाणी बुडाच्या टोकाशी ओघळून नेमकं वाडग्यात. अर्क जवळजवळ दुप्पट! मामंजी सगळ्यांसमोर म्हणाले, "सूनबाई, डोकं आहे तुला." मला अकरा वर्षांत असं एकदाही म्हणाले नव्हते.

त्यानंतर मला तिचं काहीच बघवेना. तिच्या भाकऱ्या गोल, तिचं अक्षर वळणदार, तिचं हसणंसुद्धा मोजकं... मी रात्रंदिवस आतल्या आत जळत होते.

मंगळवारी सगळे लग्नाला खालापूरला गेले होते. मी खुंटीवरची कढई उतरवली, बुडाला बोटभर तूप चोळलं आणि परत टांगली. अर्क नासावा, तिचं नाव खराब व्हावं... बस्स, एवढंच मनात होतं.

बुधवारी सकाळीच ठाकूरवाडीची भागी धापा टाकत आली. "वैदबुवा, दोन पोरी पडल्यात. पानी पोटात ठरंना. जरा जादा द्या वो." घरात अर्काचा थेंब नव्हता. कावेरीनं घाईनं हंडा चढवला.

पहिल्या वाडग्यात तुपाचे तवंग. मामंजी तिच्यावर कडाडले, "माहेरी भांडी घासायला शिकवलं नाही?" तिचे डोळे भरले. आणि मला... खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मग ओट्यावर बसलेल्या भागीकडे लक्ष गेलं. माझ्यामुळे तिच्या पोरींचं औषध ओतून द्यावं लागलं होतं.

कावेरीनं कढईचं बूड फडक्यानं खसखसून पुसलं, वाडगा बदलला, पुन्हा लिंपलं. थोड्या वेळानं कढई उचलली तर वाडगा काठोकाठ! एरवी याच्या दुप्पट वेळ लागतो. तिनं कढई तिरपी करून खालून बघितलं. "जाऊबाई, पाणी बुडाला पसरून चिकटत नाहीये. अळूच्या पानावर असतात तसे थेंब होऊन घरंगळतंय. याला कुणी काही लावलं होतं का?"

भागी बाटली घेऊन पळाली. मी कावेरीला मागच्या पडवीत नेऊन सगळं सांगितलं. वाटलं, आता आकांत करील.

तिनं पदराला हात पुसले. मग विचारलं, "तूप किती लावलंत? पातळ होतं की थिजलेलं?" रागावली असती तर परवडलं असतं हो...

वर तिनंच मामंजींना जाऊन सांगितलं, "जाऊबाईंनी बुडाला तूप लावून बघितलं होतं. पुसून घेतल्यावर जो ओशटपणा उरतो, त्यानं काम भरभर होतं." मामंजी माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे वा!"

ते ऐकण्यासाठी इतकी वर्षं झुरले, आणि ऐकू आलं तेव्हा मान वर होईना. संध्याकाळी मीच त्यांच्यासमोर उभी राहिले आणि तूप कशासाठी लावलं ते सांगून टाकलं. ते उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले नि म्हणाले, "कावेरी, सकाळी मी उगाच बोललो."

शनिवारी भागी काकड्या घेऊन आली. दोन्ही पोरी उठून पेज प्यायल्या म्हणे. ते ऐकून मी देवापुढे जाऊन रडले.

आता अर्क आम्ही दोघी मिळून काढतो. हेवा गेला म्हणाल तर नाही गेला... काल तिला तसं सांगूनही टाकलं. ती म्हणाली, "मला तुमच्या पुरणपोळीचा वाटतो." आणि आम्ही दोघी कणीक मळता मळता हसत सुटलो.