अप्पांचं भाषण आणि माझा बेडूक

माझे अप्पा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या भाषणाला बेडकाने साथ दिली. तो बेडूक मीच आणला होता. बिदरहून, सुटकेसमध्ये घालून.

मी बिदरला एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि उरलेल्या वेळात बेस गिटार वाजवते. (लग्न ठरताना ही दुसरी गोष्ट लपवली होती. नवऱ्याला लग्नानंतर कळली, भिंतीतून.) त्यात मला एक जुना ॲनालॉग सिंथेसायझर मिळाला. म्हणजे विजेपासून आवाज तयार करणारी, बटणांनी भरलेली एक पेटी. एरवी ती पट्ट्या दाबून वाजवतात. मला मात्र ती गिटारवर वाजवायची होती! म्हणून मी स्वतः एक डबा बनवला. गिटारची वायर डब्यात घालायची. मी जो सूर छेडीन तो डबा ओळखणार आणि सिंथेसायझरला हुकूम सोडणार, 'हाच सूर काढ!' गिटारचा मूळ आवाजही डब्यातून तसाच पुढं स्पीकरकडे जाणार. म्हणजे बोट एक, आवाज दोन.

अप्पा आमच्या चिंताकी गावच्या शाळेत गणित शिकवायचे. उभ्या नोकरीत त्यांच्या तासाला कुणी हसल्याचं ऐकिवात नव्हतं. निरोपाच्या भाषणासाठी महिनाभर त्यांनी कागद काळे केले होते. चौदा पानं! रोज सकाळी ते गोठ्यासमोर उभे राहून वाचायचे आणि म्हशी पाठ फिरवून उभ्या राहायच्या. माणसं तरी शेवटपर्यंत बसावीत, एवढीच त्यांची इच्छा होती.

मी ठरवलं, अप्पांच्या भाषणानंतर आपण गिटारवर बासरी वाजवायची. अख्खं गाव थक्क होईल!

आदल्या दिवशी घरी पेटी लावली. बिदरला मी तिच्यातून अगदी मधाळ बासरी काढली होती. पण असल्या पेटीला स्मरणशक्ती नसते. एसटीच्या धक्क्यांनी बटणं फिरली होती. मी तार छेडली.

"ड्रँव!"

माय स्वयंपाकघरातून धावत आली. "सुजे, काय वरडायलंय गं ते?"

"बासरी आहे, माय."

"बासरी? कुणी गिळली का काय?"

बासरी काही परत सापडली नाही. 'सकाळी मंडपात बघू,' असं म्हणून मी झोपले. (माझ्या आयुष्यातले सगळे अपघात या वाक्यानं सुरू होतात.)

सकाळी शाळेच्या मैदानात मंडप तयार होता. स्टेजवर टेबल, टेबलाखाली वायरींचं जंजाळ. मंडपवाले खाजाभाई अदबीनं म्हणाले, "मॅडम, वायर मैं लगा दूँ क्या?"

"नक्को भाई. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते."

"अच्छा," खाजाभाई जरा घाबरून म्हणाले, "तो फिर संभाल के लगाना."

मी टेबलाखाली शिरले. दोन काळ्या वायरी होत्या, एक अप्पांच्या माइकची, एक माझ्या गिटारची. दोन्ही सारख्याच. एक माझ्या डब्यात घातली, एक थेट स्पीकरच्या मिक्सरमध्ये. पदर झटकत बाहेर आले आणि पहिल्या रांगेत मायच्या शेजारी ऐटीत बसले.

अप्पा उठले. चष्मा लावला. कागद सरळ केले.

"सन्माननीय अध्यक्ष..."

"ड्रँव-ड्रँव-ड्रँव ड्रँऽव!"

अप्पा थांबले. बेडूकही थांबला. अप्पांनी माइकवर टिचकी मारली.

"हॅलो?"

"ड्रँऽव?"

त्यात प्रश्नचिन्हसुद्धा होतं! माझा डबा इतकं सुरेख काम करील असं मलाही वाटलं नव्हतं. क्षणभर अभिमानाने ऊर भरून आला. मग कळलं, की गिटारऐवजी मी डब्याला वडील जोडले आहेत.

मंडपात खसखस पिकली. माय कुजबुजली, "कामून हसायलेत गं लोकं?"

मी वाकून स्टेजकडे पळाले. टेबलाखालून हात घातला आणि पेटीचं एक बटण फिरवलं. बेडूक गेला, मांजर आलं. दुसरं फिरवलं तर मांजराची शेपूट कुणीतरी पिरगाळली. शेवटी एक वायर धरून जोरात ओढली. ती पंख्याची होती. अध्यक्ष म्हणजे हेडमास्तर. ते घाम पुसत खाली वाकले आणि टेबलाखाली मला बघून कानडीत म्हणाले, "एनवा इदु?" (हे काय गं?)

"बासरी, सर," मी म्हणाले.

आणि वर एक नवलच घडलं. अप्पांनी चौदा पानांची घडी घालून खिशात ठेवली. गणिताचा माणूस; नियम त्यांच्या लक्षात आला होता. त्यांनी हळूहळू आवाज चढवला, मांजर चढलं. उतरवला, मांजर उतरलं. अप्पा म्हणाले, "पोरांनो, हे बघा. मी जसं म्हणायलोय, तसं हे म्हणायलंय. वर्गात एवढं कुणी ऐकलं न्हाई माझं!"

मंडप खदखदून हसला. अप्पांना चेव आला. माइक लोकांसमोर धरून त्यांनी विचारलं, "साती आठे किती?"

"छप्पन्न!" सगळं गाव ओरडलं.

आता माझ्या डब्याला एका वेळी एकच सूर कळतो. दोन-तीनशे माणसं एकदम म्हटल्यावर त्याचं डोकंच फिरलं. त्यानं किंचाळ्या मारल्या, उचक्या दिल्या, शिट्ट्या वाजवल्या. मंडपामागची दोन गाढवं दावं तोडून पळाली. एक म्हातारे अण्णा हसून हसून खुर्चीवरून घसरले आणि खालीच बसून राहिले.

मग अप्पा शांत झाले. अगदी हळू म्हणाले, "आता उद्या सकाळी घंटा होईल, तवा मी घरी असणार. तुमची लई सय येईल मला."

एवढा हलका आवाज डब्याला ऐकू येत नाही. पेटी गप्प राहिली. मायनं पदर डोळ्यांना लावला. मी टेबलाखाली होते, कुणाला दिसतच नव्हते, तर मीही रडून घेतलं.

टाळ्या थांबेनात. आता माझी पाळी! मी गिटार गळ्यात अडकवली, पण ती तर थेट मिक्सरला जोडलेली. "ढुम," ती म्हणाली. "ढुम." लोक जेवायला उठले. जाता जाता एक म्हातारी अक्का कळवळून म्हणाली, "लेकी, तू पण जेवून घे. वायरमनला कोण इचारतंय!"

पुढल्याच आठवड्यात शेजारच्या गावाहून दोन मास्तर घरी आले. त्यांच्याकडे एक बाई निवृत्त होत होत्या. "सर, तुम्ही भाषण कराच. अन् तुमचं ते वाद्य बी आणा."

"सुजे," अप्पांनी रुबाबात हाक मारली, "पेटी ठेवून जा. खाजाभाई लावून देतो म्हणलाय."

"आणि मी?"

अप्पांनी जरा विचार केला. "तू बी ये की. पर मागच्या रांगेत बस. हात पदरात घेऊन."

मी गेले. हात पदरात घेऊन बसले. खाजाभाईंनी बटणं फिरवली, आणि बिदर सोडल्यापासून पेटीतून पहिल्यांदाच बासरी वाजली.