डोळे बांधलेला पाणाड्या

धुळाप्पा पाणाड्या जन्मात कधी खोटं बोलला नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं जे घडलं ते ऐकून कुणालाही वाटेल, की हा माणूस लोकांना टोप्या घालत होता. तसं नव्हतं. तसं असतं तर एवढं वाईट वाटलं नसतं.

अणदूरपासून कोस-दोन कोसांवर त्याचं गाव. जातीनं धनगर, पण मेंढरं बापाबरोबरच संपली. थोडी कोरडवाहू जमीन आणि पाणी दाखवायची विद्या, एवढंच त्याच्याकडं उरलं. विद्या अशी: खंडोबाच्या पायाला लावून आणलेला, शेंडी राखलेला नारळ उजव्या तळहातावर आडवा निजवायचा आणि अनवाणी पायांनी रानातून सावकाश चालायचं. जिथं भुईखाली पाणी असेल तिथं नारळ आपोआप उठून उभा राहतो. उभा राहिला की त्या जागेवर भंडारा टाकायचा आणि कुदळ मारायची. धुळाप्पाच्या हातावरचा नारळ तर असा ताडकन उठायचा, की बघणाऱ्या बायका हात जोडायच्या. देवाच्या देणगीचा मोबदला घ्यायचा नाही असं बापानं बजावलेलं, त्यामुळं धुळाप्पा पोटभर जेवून घरी यायचा, बस्स.

एक खोड मात्र होती. आपल्या नारळाचा त्याला भारी गर्व. एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही तो खिडकीतून विहिरी दाखवायचा. "ती बगा, ती आपलीच. ती पल्याडची बी आपलीच." जणू पाणी यानंच घरून घागरीनं नेऊन ओतलं होतं. ज्या विहिरींना पाणी लागलं नाही त्यांचंही उत्तर त्याच्यापाशी तयार असायचं. "पाणी हाय, पर खाली हाय. आजून दोन परस जावा." परस म्हणजे पुरुषभर खोली, विहीर तशीच मोजतात. माणसं दोन परस आणखी खाली जायची. कधी पाणी लागायचं, कधी नाही. नाही लागलं तर ते त्याच्याही खाली असणार, यात धुळाप्पाला तिळमात्र शंका नसायची.

बहात्तरच्या दुष्काळात त्याच्या बायकोचा, बानूबाईचा, धाकटा भाऊ बिरू याच दोन परसांत गेला. बिरूच्या माळावर जागा धुळाप्पानंच दाखवली होती. खडक फोडत बिरू खूप खाली गेला, पण ओलसुद्धा दिसेना. तो काम थांबवायला निघाला होता. धुळाप्पा काठावर उभा राहून म्हणाला, "बिरू, नारळ खोटा न्हाय बाबा. आजून दोन परस." बिरू पुन्हा उतरला. मग एका सकाळी यारीनं वर ओढली जाणारी दगडांची पाटी सुटली आणि खाली बिरू होता.

बानूबाईनं नवऱ्याला त्यावरून कधी एका शब्दानं दुखवलं नाही. विहीर बुजवली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पाणी व्हतं. त्येच्या नशिबात न्हवतं." त्या एका समजुतीवर ती जगली. खरं सांगायचं तर धुळाप्पाही तिच्याच समजुतीवर जगला.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी तालुक्याच्या कॉलेजात विज्ञान शाखेच्या मुलामुलींचा आणि शिकून बाहेर पडलेल्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा भरला. मोठे झालेल्यांनी यायचं, चार शब्द बोलायचे, लहानांना हुरूप द्यायचा, असा बेत. त्या मेळाव्याचं बोलावणं धुळाप्पाला आलं तेव्हा गावात बरीच हसाहशी झाली. सही करताना घाम फुटणारा माणूस विज्ञानाच्या मेळाव्याला जाणार!

बोलावलं होतं ज्ञानोबानं. ज्ञानोबा त्याच गावच्या बौद्धवाड्यातला. आता भूजल खात्यात, मशीन लावून जमिनीखालचं पाणी शोधणारा अधिकारी झालेला. तो लहान असताना वाड्याला विहीर हवी होती आणि तिथं पाय ठेवायला एकही पाणाड्या तयार होईना. धुळाप्पा गेला. "पाण्याला जात ठावं हाय व्हय?" म्हणाला, ओढ्याच्या काठानं चालला, नारळ उठला आणि विहिरीला धो धो पाणी लागलं. ज्ञानोबाच्या आईनं, भिमाबाईनं, त्या दिवशी त्याला ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला होता. तो तिथं बसून जेवला, हेही ज्ञानोबा विसरला नव्हता.

मेळाव्याला जाताना धुळाप्पानं धुतलेलं धोतर नेसलं. पिशवीत नारळ होताच, कारण दुसऱ्या दिवशी रविवारी गावच्या पाणी सोसायटीच्या विहिरीची जागा दाखवायची होती. सगळ्या गावानं मिळून काढलेली सोसायटी आणि सगळ्यांची मिळून एक विहीर. म्हणून आदल्या दिवशीच अणदूरला जाऊन त्यानं खंडोबाला नारळ लावून आणला होता. निघताना बानूबाईला म्हणाला, "उद्या बग, असा उटंल की चेरमन बी बगत ऱ्हाईल."

कॉलेजच्या मांडवात त्याला पहिल्या रांगेत बसवलं. साखर कारखान्यातला एक केमिस्ट बोलला, एक डॉक्टर बोलला. दोघंही आपण किती कष्टानं शिकलो ते सांगत होते आणि पोरं माना डोलवत होती. मग ज्ञानोबा उठला. त्यानं सुरुवातच धुळाप्पापासून केली. म्हणाला, "माझं विज्ञान या मामांच्या तळहातावर सुरू झालं. नारळ का उठतो, खाली पाणी कुठून येतं, हे विचारत विचारत मी इथवर आलो." टाळ्या पडल्या. धुळाप्पानं मागं वळून सगळ्यांना रामराम घातला.

पुढं ज्ञानोबा पोरांना म्हणाला, "कोण सांगतंय ते बघू नका. मी सांगितलं म्हणूनही ऐकू नका. जे खरं वाटतं ते तपासून बघा. तपासायला घाबरायचं नाही."

भाषण मुलांसाठी होतं. पोरांनी ते ऐकलं, टाळ्या वाजवल्या आणि चहा कधी येतो ते बघू लागली. मनावर घेतलं ते एकट्या धुळाप्पानं. त्याला ते बोलणं इतकं पटलं की तो उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "मंग मला तपासा. आत्ताच्या आत्ता!"

ज्ञानोबाचा चेहरा उतरला. "मामा, तसं नाही, तुम्ही बसा," असं तो म्हणेपर्यंत पोरांनी गलका केला आणि सगळा मांडव मैदानात आला. धुळाप्पानं चपला काढल्या, नारळ आडवा निजवला आणि चालू लागला. लिंबाच्या झाडाजवळ नारळ ताडकन उठला. लोक थक्क झाले. प्राध्यापकांनी तोंडात बोटं घातली. तिथं पोरांनी पांढऱ्या फक्कीचं गोल रिंगण काढलं.

तेवढ्यात महादेवी नावाची बी.एस्सी.ची मुलगी नम्रपणे म्हणाली, "आजोबा, आता डोळे बांधून दाखवाल का? पाणी तर तिथंच असणार."

"का न्हाय? बांद की!" धुळाप्पानं स्वतःचंच उपरणं काढून तिच्या हातात दिलं.

तिनं त्याच्या कोपराला धरलं आणि तो चालला. नारळ उठला. "हितं! लई पाणी हाय हितं!" तो ओरडला. टाळ्या पडल्या, पण जराशाच. त्याला वाटलं, पोरं दमली असतील. पुन्हा फिरून चालला, पुन्हा नारळ उठला. या खेपेला कुणीच टाळी वाजवली नाही. "का गप बसलाव रं?" त्यानं विचारलं.  तो इरेला पेटला, फिरतच राहिला. नारळ उठतच राहिला.

शेवटी त्यानं उपरणं खाली ओढलं. नारळ उठला तिथं तिथं पोरांनी मैदानभर रिंगणं काढली होती. एक खो-खोच्या खांबापाशी, एक फाटकापाशी, एक सायकलींच्या शेडपाशी. लिंबाजवळच्या पहिल्या रिंगणात दुसरी एकही खूण नव्हती.

"लिंबाकडं नेलंच न्हाईस का मला, पोरी?"

महादेवीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तीनदा नेलं, आजोबा. नारळ निजलेलाच होता."

 धुळाप्पानं तळहात उलटापालटा करून पाहिला. लबाडी त्यानं केली नव्हती, नारळाला धक्का दिला नव्हता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? नारळ प्रत्येक वेळी खराच उठला होता. आणि तरी तो खोटा होता. म्हणजे आयुष्यभर या हातानं काय केलं होतं?  शेजारी उभं असलेलं कुणीतरी अनोळखी निघावं तसा त्याला स्वतःचाच हात वाटू लागला.

पोरांपैकी कुणीही हसलं नाही, हे त्या पोरांचं भलेपण. ज्ञानोबा त्याला बाजूला घेऊन पायरीवर बसला.

"मंग वाड्याची हीर कशी लागली रं?" धुळाप्पानं विचारलं.

"मामा, ओढ्याकाठी कुठंही खांदलं असतं तरी लागली असती. पाणी असायच्या जागा तुमच्या डोळ्यांना ठाऊक असतात. डोळ्यांना पटलं की हात नकळत हलतो. डोळे बांधले तर मनाला जिथं वाटेल तिथं हलतो. तुम्हाला कळतसुद्धा नाही."

धुळाप्पानं मांडीवरचा नारळ एकदा फिरवला. मग त्यानं विचारलं, "आन आमच्या बिरूचा माळ?"

ज्ञानोबा अधिकाऱ्यासारखं बोलून गेला. "तो माळ आम्ही तपासलाय. खाली सलग काळा पाषाण आहे, पाणी नव्हतंच तिथं. कितीही खाली..." आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्यानं वाक्य अर्धंच सोडलं. धुळाप्पानं नारळ पिशवीत टाकला आणि कुणाचाही निरोप न घेता स्टँडवर गेला. त्या दिवशी एस.टी.त त्यानं कुणाला एकही विहीर दाखवली नाही.

घरी बानूबाईनं विचारलं, "काय म्हनत व्हती शिकलेली मान्सं?" तो म्हणाला, "उद्या सांगतो." खोटं बोलवत नव्हतं आणि खरं तोंडातून निघत नव्हतं.

रविवारी सकाळी सोसायटीच्या रानात गाव लोटलं. चेअरमन शिवलिंगप्पा हातात नवं उपरणं घेऊन उभे. बानूबाई बायकांच्या पुढं, तिच्या हातात भंडाऱ्याची वाटी. आल्या आल्या सांगून टाकायचं असं धुळाप्पानं ठरवलं होतं, पण सगळ्यांनी मोकळी वाट करून दिली आणि पाय सवयीनं चालू लागले. बांधापलीकडं हिरवळ होती तिथं नारळ ताडकन उठून उभा राहिला. बायकांनी हात जोडले. शिवलिंगप्पांनी कुदळ मागवली.

धुळाप्पानं हातावरच्या त्या नारळाकडं पाहिलं.

"थांबा!" तो ओरडला. "माज्या सांगन्यावरनं कुदळ मारू नका. ज्ञानोबाला बोलवा, त्येची मशीन लावून बगा. ह्यो नारळ कुठंबी उटतुया. काल डोळं बांदून चाललो तर मैदानभर उटला."

शिवलिंगप्पा हसले. "धुळाप्पा, चेष्टेची वेळ हाय का ही? उबा दिसतुया की समद्यास्नी."

"दिसतुया. पर त्यो पान्यानं उबा ऱ्हात न्हाय, चेरमन. म्याच उबा करतुया. माजं मलाच ठावं न्हवतं."

 सगळे नारळाकडं बघत होते. बानूबाई एकटी नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती.

"आवं," ती म्हणाली, "मंग बिरूच्या हिरीला पानी..."

"न्हवतं."

"खालीबी न्हवतं?"

"कुठंच न्हवतं."

"मंग आजून दोन परस कशापायी गेला माजा भाऊ?"

धुळाप्पा जन्मात कधी खोटं बोलला नव्हता. त्याही वेळी त्याला ते जमलं नाही.

"माज्या बोलन्यापायी," तो म्हणाला.

 बानूबाईनं भंडाऱ्याची वाटी हळूच खाली ठेवली आणि हात पदराला पुसले. बायकांनी वाट दिली. ती चालू लागली, पण घराकडं नाही. तिचा भाऊ जिथं गेला त्या माळाच्या, माहेरच्या वाटेनं ती चालली होती, आणि तिला हाक मारायची धुळाप्पाची हिंमत झाली नाही.