पडद्यावर काय चाललंय

लिफ्ट दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवलेल्या सासऱ्यांना दोनच गोष्टींचं वेड होतं: कडक इस्त्रीचा शर्ट आणि अंतराळातले सिनेमे. अंतराळयानं, यंत्रमानव, परग्रहावरचे प्राणी, अंगात अचाट बळ आलेले उडते वीर, काही म्हणजे काही सोडायचे नाहीत. मग काचबिंदूनं आधी एक डोळा नेला, पाठोपाठ दुसरा. तेव्हापासून ते खिडकीपाशी नुसते बसून असायचे. दाढी करा म्हणूनसुद्धा मागे लागावं लागायचं.

सून मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान चालवायची. तिला असल्या सिनेमांचं काडीचं कौतुक नव्हतं. पण सासऱ्यांच्या लाडक्या वीराचा तिसरा भाग लागल्याचं रेडिओनं सांगितलं आणि त्यांनी चाचपडत रेडिओच बंद केला, ते तिनं पाहिलं. नवरा सिनेमागृहात दिवे मालवले की घोरायला लागायचा, तो काही कामाचा नव्हता.

"बाबा, शर्ट घाला. आपण जाऊ."

"मी तिथं येऊन काय डोंबल बघणार?"

"मी सांगते ना!"

सांगणं भलतंच अवघड निघालं.

"तो उडतोय," ती कुजबुजली.

"कसा? हात पुढे करून की अंगाला चिकटवून?"

"एक पुढे... अहो, उतरलासुद्धा! छपरावर. मस्त दिसतंय."

"मस्त कुणी विचारलं? छप्पर कसलं ते सांग!"

लिफ्टच्या खड्ड्यातून वरच्या मजल्यावर हाका मारायची सवय. त्यांची कुजबुजही चार रांगांना पुरायची. मागून कुणीतरी वैतागून म्हणालं, "ओ काका, आम्हालाही ऐकू द्या की." मध्यंतर होताच सासरे उठले. "चल सूनबाई, लोकांचा विरस नको." घरी येताच ते पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दुकानाचं शटर ओढून ती एकटीच सिनेमाला गेली. मिक्सर उघडताना कुठला भाग कुठे बसतो ते ध्यानात ठेवावं, तसा तिनं तो पाहिला आणि संध्याकाळी सासऱ्यांसमोर बसून पहिल्यापासून सांगायला घेतला.

"यान कसं आहे?"

"मिक्सरच्या भांड्यासारखं. खाली पाती, ती फिरली की निळा उजेड."

"आणि आवाज?"

"तो तुम्ही ऐकालच."

सासरे कितीतरी दिवसांनी हसले. सासूबाई आतून म्हणाल्या, "मला इतकं समजावून जन्मात कुणी काही सांगितलं नाही!"

मग दोघं पुन्हा गेली. ठरलं होतं, बोलायचं नाही. वीर आला की तिनं तळहात एकदा दाबायचा, खलनायक आला की दोनदा. शेवटच्या लढाईत बराच वेळ कुणीच बोलत नाही, नुसता वारा घोंघावतो. तिथं ती दाबायचंच विसरली, कारण सगळं ठाऊक असूनही तिचे डोळे भरून आले होते. सासऱ्यांनी चाचपत तिचा हात धरला.

"पडला का गं?"

"हो."

या वेळी मागून कुणी काही म्हणालं नाही.

पुढे हा नेमच झाला. सासरे दुकानात स्टुलावर बसून हातानं स्क्रू निवडून द्यायला लागले आणि तिला तरुणपणी पाहिलेले सिनेमे सांगायला लागले. दोऱ्यावर लटकवलेल्या, डुलणाऱ्या तबकड्या, पत्र्याचे यंत्रमानव.

"दोरा दिसायचा?"

"स्पष्ट! तरी आमची पाचावर धारण बसायची. त्यात तो लालभडक यंत्रमानव आला की संपलंच."

तिनं शोधाशोध करून तो सिनेमा मिळवला, पाहिला आणि जरा बिचकतच म्हणाली, "बाबा, तो लाल नाहीये. अख्खा सिनेमा काळा-पांढरा आहे."

सासरे हातातला स्क्रू फिरवत राहिले.

"मग हा लाल मी कुठून आणला?"

"ते तुम्हालाच ठाऊक."

"असू दे," ते म्हणाले. "मला लालच दिसतो."